शब्दचर्चा: ‘ऑब्झर्वेशनल ड्रॉईंग’ला मराठीत काय म्हणावं?

चित्रकलेच्या एका पदव्युत्तर अभ्यासक्रमाची माहिती मराठीत लिहितो आहे. अख्खं वर्ष समोरची वस्तू, माणूस, जागा बघत चित्र काढायचं, असा तो अभ्यासक्रम आहे. ‘ऑब्झर्वेशनल ड्रॉईंग’ला पहिल्या झटक्यात ‘निरीक्षणात्मक रेखाटन’ सुचलं, पण ‘-आत्मक’ लावलं की कुठल्याही शब्दाला परिपत्रकाचा वास येतो. दुसरी अडचण ‘स्टडी’ची. अध्ययन म्हणू की अभ्यास? जाणकारांनी सुचवावं.

वस्तुचित्र आहे की

शाळेपासून चालत आलेला शब्द आहे: वस्तुचित्र. त्याच्या जोडीला स्मरणचित्र आणि संकल्पचित्र. समोर ठेवलेलं बघून काढलं ते वस्तुचित्र, आठवून काढलं ते स्मरणचित्र, मनाने रचलं ते संकल्पचित्र. तिघांच्या हद्दी आखलेल्या असताना नवा शब्द कशाला पाडायचा?

वस्तुचित्र पुरत नाही

हद्दी छान आहेत, पण ‘वस्तुचित्र’ म्हटलं की डोळ्यांसमोर सुरई, घन आणि घड्या पडलेलं कापड येतं. मॉडेल समोर बसलेलं असेल तर ती वस्तू नाही. झाडाखाली बसून झाड काढलं तर आपण त्याला निसर्गचित्र म्हणतो. या शब्दांची वाटणी विषयानुसार झाली आहे, आणि मूळ प्रश्नातला शब्द पद्धतीबद्दल बोलतो. काय काढलं यापेक्षा कशावरून काढलं, हे त्यात महत्त्वाचं.

‘रेखाटन’बद्दल माझी तक्रार नाही. रेखाचित्र म्हणजे तयार झालेली चीज, रेखाटन म्हणजे काढण्याची क्रियासुद्धा. फक्त ‘आरेखन’ टाळा. त्यात आराखडा डोकावतो आणि वाचक थेट नकाशे काढणाऱ्याच्या टेबलापाशी जाऊन पोचतो.

जुन्या पेटीतले दोन शब्द

बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर असलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात चित्रांचे प्रकार सांगितले आहेत. त्यात आरशातल्या प्रतिबिंबासारखं हुबेहूब उतरलेलं चित्र ते ‘विद्ध’. त्याला लागून ‘अविद्ध’ही येतं. विद्धचित्र म्हणायला काय हरकत आहे?

दुसरा शब्द कालिदासाचा. ‘मालविकाग्निमित्रा’त राजाने आधी मालविकेचं चित्र पाहिलेलं असतं. तेव्हा त्याला शंका असते की चित्रात आहे तितकी कांती हिच्यात नसावी. मग ती प्रत्यक्ष समोर येते, आणि आता त्याला वाटतं की ज्याने हे चित्र काढलं त्याचीच समाधी, म्हणजे एकाग्रता, शिथिल होती. ‘शिथिलसमाधी’! चित्र फसलं तर दोष हाताला न देता लक्षाला दिला आहे. रेखाटन शिकवणाऱ्या प्रत्येकाने भिंतीवर लावावा असा शब्द. (आजच्या मराठीत ‘समाधी’ भलतीकडे गेल्यामुळे लावता येणार नाही, ही गोष्ट वेगळी.)

विद्ध नको

आजच्या कानाला विद्ध म्हणजे बाण लागलेला. फार तर पंचांगातली विद्धा तिथी. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना शरविद्ध करू नये.

कानाचं सोडलं तरी एक खरी अडचण उरते. विद्धची व्याख्या निकालावरून केलेली आहे, म्हणजे आरशासारखं उतरलं की झालं. उच्च पातळीवरच्या या अभ्यासात हुबेहूबपणा हे ध्येय असेलच असं नाही. चित्रकार विल्यम कोल्डस्ट्रीम १९४९पासून १९७५पर्यंत लंडनच्या स्लेड स्कूल या कलाशाळेत प्राध्यापक होते. हात ताठ धरायचा, एक डोळा मिटायचा आणि ब्रशच्या दांडीवर अंतर मोजायचं, ही त्यांची रीत. मोजमापाच्या बारीक खुणा ते चित्रात तशाच राहू देत. त्यांचा विद्यार्थी युअन अग्लो याच्या चित्रांत तर या खुणा अगदी उघड दिसतात. आरशात अशा खुणा नसतात. त्या खुणांमधून चित्रकार सांगत असतो की इथे मी पाहिलं, इथे पुन्हा पाहिलं, इथे सरकवलं.

‘निरीक्षण’ शब्दावरच आक्षेप

मी रेखाटन शिकवते, म्हणून थोडं लांबण लावते.

‘निरीक्षण करून रेखाटन’ म्हटलं की दोन पायऱ्या दिसतात: आधी नीट बघून घ्या, मग काढा. नवशिक्यांची गाडी नेमकी इथेच अडते. ते एकदा बघतात आणि मग बराच वेळ कागदाकडे बघत, डोक्यातल्या ‘हाता’चं किंवा ‘खुर्ची’चं चित्र काढत बसतात. मुरलेल्या चित्रकाराची नजर सारखी ये-जा करते. दर वेळी तो एवढंसंच उचलतो, कागदावर ठेवतो आणि ताडून बघतो. काढल्याशिवाय काय पाहायचं राहिलं ते कळतच नाही. म्हणजे निरीक्षण रेखाटनाच्या आधी होत नाही, त्याच्या पोटातच होतं.

डोकं कसं आड येतं, हे रॉबर्ट थाउलेस या मानसशास्त्रज्ञाने १९३१च्या सुमारास प्रयोगांतून दाखवलं. गोल चकती तिरकी धरून ‘जशी दिसते तसा आकार दाखवा’ म्हटलं, तर लोक डोळ्यांत पडणाऱ्या लंबवर्तुळापेक्षा जास्त गोल आकार दाखवतात. चकती गोल आहे हे ठाऊक असणंच नडतं. पेल्याचं तोंड सगळेच जरा जास्त उघडं काढतात, त्याचं मोठं कारण हेच. समोरच्या माणसाचा पाय आपल्या दिशेने पसरलेला असला की हा घोटाळा दुप्पट होतो. मांडी लांब असते हे माहीत असतं, आणि दिसत असते मात्र वीतभरसुद्धा नाही.

यावर पदवीपर्यंत साधारण युक्त्या शिकवल्या जातात. वस्तूऐवजी तिच्या भोवतीच्या मोकळ्या जागेचा आकार काढा. कागदाकडे न बघता कडेकडेने रेघ ओढा, जणू पेन्सिल त्या अंगालाच टेकली आहे. ही दुसरी युक्ती अमेरिकेतल्या किमॉन निकोलाईडीसनी शिकवली. त्यांच्या मृत्यूनंतर १९४१मध्ये त्यांचं पुस्तक निघालं आणि ती सर्वदूर गेली. पदव्युत्तर पातळीवर युक्त्या येतात असं धरलेलं असतं. तिथले प्रश्न वेगळे: तुम्ही काय गाळता? एकच कोपरा पुन्हा पुन्हा का काढता? मॉडेल हललं तर आधीची रेघ पुसता की ठेवता? ठेवलीत तर का? माझ्या मते त्या वर्षाचा खरा विषय ‘दुरुस्ती’ हा आहे. शब्द कुठलाही घ्या, पण तो ‘आधी बघा, मग काढा’ असं सुचवणारा नको.

निरागस डोळा

वरच्या प्रतिसादाला पुरवणी. इंग्रज कलासमीक्षक जॉन रस्किनने १८५७मध्ये ‘निरागस डोळ्या’ची कल्पना मांडली: आंधळ्याला अचानक दृष्टी यावी तसे नुसते रंगांचे डाग पाहा, त्यांचा अर्थ विसरा. पुढे १९६०मध्ये कलेतिहासकार गोम्ब्रिखने म्हटलं की असा निरागस डोळा नसतोच. चित्रकार आधी ओळखीचा साचा मांडतो आणि मग समोरच्याशी ताडत तो दुरुस्त करत जातो. तुमची ‘दुरुस्ती’ गोम्ब्रिखच्या बाजूची. पण एवढ्याने रस्किन बाद होत नाही. त्याचं वाक्य डोळ्याचं वर्णन म्हणून चूक असेल, सरावाची सूचना म्हणून आजही वर्गात चालतं.

फोटोवरून काढलेलं चालेल का?

फोटोकडे बघून काढलं तरी ‘निरीक्षण’ होतंच ना? मग शब्दाने फोटोला आत घ्यायचं की बाहेर ठेवायचं?

बाहेर

अशा बहुतेक अभ्यासक्रमांत बाहेरच. फोटोने सगळ्यात अवघड निर्णय आधीच उरकलेला असतो, तो म्हणजे खोली असलेली जागा सपाट करणं. कॅमेऱ्याला एक भिंग आणि एक क्षण. आपल्याला दोन डोळे, डुलणारी मान आणि सरकत जाणारा उजेड. डोकं जरासं हललं की खुर्चीचा पाय मागच्या दाराच्या चौकटीवरून सरकतो. मग कुठली जागा खरी धरायची, हे तुम्हीच ठरवायचं. फोटोत ते ठरलेलंच असतं.

म्हणून माझा शब्द: ‘प्रत्यक्षावरून रेखाटन’. प्रत्यक्ष म्हणजे अक्षासमोरचं, डोळ्यांपुढचं. वस्तू, व्यक्ती, जागा, सगळं त्यात बसतं; फोटो आणि आठवण बाहेर राहतात. ‘प्रत्यक्ष रेखाटन’ मात्र लिहू नका, त्याचा अर्थ ‘प्रत्यक्षात काढून दाखवणं’ असा होतो. त्या ‘वरून’वरच सगळा भार आहे.

आठवण इतकी बाहेर नको

पॅरिसच्या लेकॉक द ब्वाबोद्राँ या चित्रकलाशिक्षकाने एकोणिसाव्या शतकात स्मरणाने काढण्याची पद्धतशीर तालीम दिली. शिल्पकार रोदाँ, चित्रकार फाँताँ-लातूर आणि लग्रो हे त्याचे विद्यार्थी, आणि लग्रो पुढे १८७६मध्ये स्लेडला प्राध्यापक झाला. तालीम कशाची, तर बघताना आठवण्याजोगं काय ते निवडण्याची. तसं पाहिलं तर नजर वस्तूवरून कागदावर येते तेवढ्या पळातही आठवणच काम करते. त्यामुळे स्मरणचित्र हा प्रत्यक्षाचा शत्रू नाही, हे माहितीत एका ओळीत यावं. शब्द मात्र ‘प्रत्यक्षावरून’ हाच मला पटला.

अभ्यास की अध्ययन

हे राहूनच गेलं. अभ्यासक्रमाच्या नावात ‘पदव्युत्तर अध्ययन’ बरं दिसतं. मजकुरात मात्र बिनधास्त ‘अभ्यास’ लिहा. मराठीत अभ्यास म्हणजे पुस्तक घेऊन बसणंही आणि पुन्हा पुन्हा करून अंगवळणी पाडणंही. इथे दोन्ही लागतं. ‘अभ्यासचित्र’ शब्दही रुळलेला आहे. फक्त त्याला ‘कच्चं चित्र’ समजू नका. या क्षेत्रात अभ्यासचित्र हेच अनेकदा अंतिम काम असतं.

मूळ प्रश्नकर्ता

सगळ्यांचे आभार. सध्याचा मसुदा असा: ‘प्रत्यक्षावरून रेखाटन: एक वर्षाचा पदव्युत्तर अभ्यास. वस्तू, मानवाकृती आणि जागा समोर ठेवून, पाहत आणि दुरुस्त करत काढणे. जोडीला स्मरणाने काढण्याचा सराव.’ शीर्षकात निरीक्षण नाही, आत एकदाच येईल, लेखी टिपणांबद्दल बोलताना. आणखी एक शंका: विद्यार्थ्यांनी पोर्टफोलिओत चित्राखाली काय लिहावं?

चित्राखाली

माध्यम, आकार, वर्ष हे नेहमीचं. त्यापुढे ‘प्रत्यक्षावरून’, ‘स्मरणाने’ किंवा ‘छायाचित्रावरून’ यांपैकी जे खरं असेल ते. बैठकी बऱ्याच झाल्या असतील तर तेही लिहायला सांगा, निवड करणारे ते आवडीने वाचतात. आणि मसुद्यातलं ‘समोर ठेवून’ बदला. वस्तू समोर ठेवता येते, माणसाला बसवावं लागतं, आणि जागेत आपणच जाऊन बसायचं असतं. ‘समोर पाहून’ केलंत तर तिन्ही निभावतील.