मदत हवी आहे: पद्मिनीचं इंजिन घरी बांधलं, सुरू होत नाही

मंडळी, वडिलांच्या प्रीमियर पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन घरीच बांधलं. बोअर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग सगळं नवीन. काल पहिल्यांदा सेल्फ मारला. त्याआधी प्लग काढून ऑइलचा दिवा विझेपर्यंत फिरवलं होतं, म्हणजे तेलाचा प्रश्न नाही. प्लगला करंट निळाशार, पेट्रोलही येतंय. पण इंजिन धरत नाही. दोन-तीन गरके घेतले की कार्बोरेटरमधून फट्ट! एकदा तर ज्वाळच आली. ओलं पोतं हाताशी होतं म्हणून निभावलं.

प्लगच्या वायरी १-३-४-२ या फायरिंगच्या क्रमानेच आहेत. पण पुलीची खूण जुळवली तेव्हा एक नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनवर होता की एक्झॉस्ट संपवून वर आला होता, हे बघायचं राहिलं. डिस्ट्रिब्युटर (प्लगना करंट वाटणारा) अर्धा फेरा उलटा बसला असेल का? मग १-४ आणि २-३ वायरी अदलाबदल करून भागेल, की टायमिंग चेनचं (क्रँक आणि कॅम जोडणारी) कव्हर उघडू? चेनच्या खुणा बसवताना जुळल्या होत्या, फोटो आहे.

शिवाय तिसऱ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन ९० पीएसआय, बाकी तिन्हींचं १२० च्या पुढे. आत चमचाभर तेल सोडलं तरी ९०च. लेथवाला म्हणतो, "रिंगा बसल्या की येईल." पण रिंगांतून गळत असतं तर तेलाने आकडा वाढला असता, म्हणून मला व्हॉल्व्हचा संशय येतोय. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) आधी सैल करून बघू, की सरळ हेड उतरवू?