ठरवून केलेलं सिझर: बाईची निवड की घरची ऐपत?

गणिती: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी-५ (२०१९-२१) नुसार देशात सिझरचं प्रमाण २१.५ टक्के. सरकारी दवाखान्यांत १४.३, खाजगीत ४७.४. पैसा असला की खाजगीत जाता येतं आणि तिथे सिझरची शक्यता तिपटीहून जास्त. याला मी निवड म्हणत नाही.

सुमेधा: आकडे मान्य, निष्कर्ष नाही. खाजगीत वय जास्त असलेल्या, आयव्हीएफने (टेस्ट ट्यूब पद्धतीने) गर्भ राहिलेल्या, आधी सिझर झालेल्या बायका अधिक येतात. तुलना रॉबसन गटांप्रमाणे, म्हणजे सारखी परिस्थिती असलेल्या बाळंतिणींचे गट पाडून करा. पहिलटकरीण, पूर्ण दिवस, एकच बाळ, डोकं खाली, कळा आपोआप सुरू झालेल्या: एवढ्याच गटातलं प्रमाण दोन्हीकडे किती, ते बघा. आणि कळांची भीती खरी असते हो! एपिड्युरलसाठी (कळांची वेदना कमी करणारं पाठीतलं इंजेक्शन) भूलतज्ज्ञ रात्रंदिवस हाताशी लागतो, लहान नर्सिंग होममध्ये तो बोलावल्यावर येतो. अशा ठिकाणी सिझर मागणाऱ्या बाईचं काय चुकलं?

गणिती: तिचं काहीच चुकलं नाही. तिला वेदना कमी व्हायला हव्या होत्या, मिळालं ऑपरेशन. पहिलटकरणीच्या कळा बारा-चौदा तासही चालतात, सिझर तासाभरात उरकतं आणि बिलही मोठं होतं. कित्येक गटविम्यांत सिझरची मर्यादा नॉर्मलपेक्षा जास्त असते, तेही बघा.

निशिगंधा: मुहूर्त बघून सिझरची तारीख ठरवतात, त्याचं कुणीच बोलत नाही. वैद्यकीय कारण नसेल तर ३९ आठवडे पूर्ण होण्याआधी सिझर नकोच. बाळाच्या फुप्फुसातलं पाणी वेळेत ओसरत नाही, धाप लागते आणि बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) जातं. आठवडे पहिल्या तिमाहीच्या सोनोग्राफीवरून मोजा, शेवटच्या महिन्यातली दोन-तीन आठवड्यांनी चुकू शकते. शिवाय दर सिझरनंतर पुढच्या खेपेला वार (गर्भात बाळाला पोसणारा, नाळेला जोडलेला भाग) जुन्या व्रणावर रुतून बसण्याचा धोका वाढतो. तशी वार सुटत नाही, रक्तस्राव आवरेना झाला तर गर्भपिशवी काढावी लागते. तीन मुलं हवी असतील त्यांनी हे आधी ऐकावं.

सुमेधा: ऐकवा, लिहून द्या, मग तिचा निर्णय माना. ब्रिटनच्या नाईस संस्थेचं मार्गदर्शनही साधारण असंच आहे.

गणिती: मग हा हक्क गरीब बाईलाही हवा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात (२०११) सरकारी सिझर मोफत आहे, सात दिवसांच्या जेवणासकट. पण ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञ किंवा रक्तसाठा नसला की गरज असलेलीलाही कळा सुरू असताना जिल्ह्याला पाठवतात. आधी ती पदं भरा.