१९५८ ची कोल्ट्स-जायंट्स फायनल एवढी ग्रेट का?

फोंड्याचा_गोली:
नमस्कार मंडळी. आपल्या गोव्यात फुटबॉल म्हणजे फातोर्डा, पण मावसभाऊ न्यू जर्सीला गेल्यापासून मला त्यांच्या अमेरिकन फुटबॉलचंही वेड लागलंय, सुपर बोलला (म्हणजे त्यांची आजची मोठी फायनल) सोमवारी पहाटे पाचला उठून बसतो. सगळीकडे वाचतो की २८ डिसेंबर १९५८ ची यांकी स्टेडियमवरची बाल्टिमोर कोल्ट्स आणि न्यू यॉर्क जायंट्स यांची एनएफएल (त्यांची मोठी लीग) फायनल ही आजवरची सगळ्यात भारी मॅच. पण पहिल्या हाफमध्ये जायंट्सच्या हातून नुसता बॉल सुटत होता, त्यांच्या एकट्या गिफर्डच्याच हातून दोनदा, कोल्ट्स १४-३ पुढे. मग ग्रेट कशासाठी? टीव्हीवर दाखवली म्हणून?

म्हापसेकर७:
अरे पहिला हाफ सोड. जायंट्सनी नंतर कोल्ट्सना गोल लाइनवर अडवलं आणि तिथून मॅच फिरली, चौथ्या क्वार्टरमध्ये १७-१४ जायंट्स पुढे. दोनेक मिनिटं उरलीत, कोल्ट्स आपल्याच गोल लाइनपासून १४ यार्डावर, आणि त्यांचा क्वार्टरबॅक (पास टाकून अटॅक चालवणारा) जॉनी युनायटस लागोपाठ तीन पास आपल्या रेमंड बेरीला देतो, तिन्ही मिळून ६२ यार्ड! सात सेकंद राहिले असताना कोल्ट्सच्या मायराची तीन पॉइंटची किक, १७-१७. शेवटच्या दोन मिनिटांत घड्याळाशी झुंजत टीम पुढे न्यायची ही जी आज प्रत्येक क्वार्टरबॅकची परीक्षा असते ना, तिचा धडा लोकांनी त्या दिवशी बघितला. आणि या युनायटसला १९५५ मध्ये पिट्सबर्गच्या टीमने काढून टाकलं होतं, तेव्हा तो मॅचला सहा डॉलर घेऊन लोकल टीमकडून खेळायचा.

सांखळीची_मंजिरी:
टीव्हीला कमी लेखू नका हं. साधारण साडेचार कोटी लोकांनी बघितली. बरोबरी झाल्यावर सडन डेथ, म्हणजे आपल्याकडे पूर्वी गोल्डन गोल होता तसंच, जो आधी स्कोअर करेल तो जिंकला. एनएफएलच्या फायनलमध्ये हे पहिल्यांदाच घडत होतं. लमार हंटने ही मॅच बघितली आणि या खेळात पुढे किती दम आहे ते ओळखलं, १९६० पासून त्याची एएफएल लीग सुरू झाली, त्या दोन लीगच्या भांडणातूनच १९६६ चा समझोता आणि मग सुपर बोल आला. शिवाय जायंट्सच्या बेंचवर कोच म्हणून बघा कोण होते, अटॅक लोम्बार्डी सांभाळत होता आणि डिफेन्स लँड्री, सुपर बोलची ट्रॉफी आज त्याच लोम्बार्डीच्या नावाची आहे.

फोंड्याचा_गोली:
हे भारी आहे मंजिरीताई. पण ओव्हरटाइममध्ये कोल्ट्स इतक्या जवळ पोचले होते तर सरळ किक का नाही मारली?

म्हापसेकर७:
तीच तर युनायटसची हिंमत! ८० यार्डांची ड्राइव्ह (बॉल सलग पुढे नेणं) चालली होती, मध्येच केबल सुटून घराघरातला टीव्ही बंद पडला, खेळ थोडा थांबला. तीन पॉइंट मिळाले तरी मॅच संपत होती, तरी याने साइडलाइनकडे आपल्या मुत्शेलरला पास टाकला, तो एक यार्डावर बाहेर गेला, पुढच्याच प्लेला कोल्ट्सचाच अमीची बॉल घेऊन आत घुसला. २३-१७.

डिचोली_डिफेन्स:
कोल्ट्सच्या डिफेन्समधल्या मार्केटीला कुणीच आठवत नाही राव. गिफर्डला फर्स्ट डाउनच्या (दहा यार्ड पुढे गेलं की बॉल आपल्याकडेच राहतो, ती रेषा) जरासं अलीकडे अडवताना मार्केटीचा पाय मोडला, स्ट्रेचरवर नेत होते तर साइडलाइनलाच थांबवायला लावलं, मॅच बघायची म्हणून. तो बॉल पुढे असता तर जायंट्सनी घड्याळ संपवलं असतं, बेरीचे पास वगैरे काही झालंच नसतं. गिफर्ड शेवटपर्यंत म्हणत राहिला की फर्स्ट डाउन झालं होतं. मला तरी रेफ्री बरोबर वाटतात, न्यू यॉर्कवाले काहीही म्हणोत.