मदत हवी आहे: १८व्या शतकातल्या लंडनची पाकीटमार जेनी डायव्हर

नमस्कार मंडळी, आमच्या ग्रुपसाठी एकपात्री लिहितेय, मेरी यंग उर्फ जेनी डायव्हरवर. आयर्लंडहून लंडनला आलेली, बोटं इतकी सफाईदार की टोळीची म्होरकीच झाली. तिचा फेमस किस्सा म्हणजे खोटे हात लावून, गरोदर बाईचं सोंग घेऊन चर्चमध्ये बसायची, खोटे हात मांडीवर गपगुमान आणि खरे हात शेजारणीच्या खिशात! पण हे सगळं गुन्हेगारांच्या मसालेदार चरित्रांतून आलंय, त्यामुळे मला जरा तिखटमीठच वाटतं.

कोर्टातली गोष्ट मात्र साधी आहे. १७४१ च्या जानेवारीत ओल्ड बेलीला (लंडनचं फौजदारी कोर्ट) खटला, रस्त्यात एका बाईला फळी ओलांडायला मदत करायच्या बहाण्याने साथीदाराने तिचा हात धरला आणि जेनीने खिशात हात घातला, पण त्या बाईने तो हात तिथेच पकडला. रक्कम फक्त १२ शिलिंग. आधी अमेरिकेला हद्दपार होऊन परत आलेली, १८ मार्चला टायबर्नला, म्हणजे लंडनच्या फाशी देण्याच्या जागी, फाशी.

आता अडलंय कुठे तर, तेव्हा बायकांचे खिसे घागऱ्याखाली कमरेला नाडीने बांधलेले असायचे, वरच्या कपड्याला फट असायची, मग गर्दीत तिथवर हात पोचायचा कसा? कॉश्चूम किंवा इतिहासवालं कोणी आहे का इथे? आणि खोटे हात स्टेजवर स्वस्तात कसे बनवू, बजेट नाहीये हो 😅