प्रतिसाद: पंढरपुरात पाऊस नाही, मग चंद्रभागेला पूर कसा?

वर विचारलंय की पंढरपुरात ऊन असताना वाळवंट (नदीपात्रातला वाळूचा पट्टा) पाण्याखाली कसं जातं. चंद्रभागा म्हणजे पंढरपुरातली भीमा नदीच. हे पाणी पंढरपूरचं नसतंच, ते सह्याद्रीतलं. पानशेत-वरसगाव धरणांचं पाणी खडकवासल्यातून मुठेत, पुढे मुळा-मुठेतून भीमेत आणि मग पंढरपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या उजनी धरणात येतं. उजनी रिकामी असेल तर ते तिथंच साठतं. म्हणून अनेकांना वाटतं, उजनी भरली नाही म्हणजे धोका नाही. इथंच फसगत होते!

नीरा नदी भीमेला नीरा नरसिंहपूरला मिळते, म्हणजे उजनीच्या खाली. भाटघर, नीरा देवघर ही धरणं भरून नीरेवरच्या वीर धरणातून पाणी सुटलं की ते उजनीला न विचारता थेट पंढरपूर गाठतं. दोन्हीकडून एकदम सोडलं तर विचारायलाच नको. त्यामुळे वारीच्या दिवसांत उजनीच्या आकड्यासोबत वीरचा विसर्गही (धरणातून सोडलेलं पाणी) बघाच, ही कळकळीची विनंती.

आणखी एक: जूनच्या पहिल्या सरींनी पूर येत नाही, कारण तापलेली जमीन बरंच पाणी पिऊन घेते. जुलै-ऑगस्टमध्ये माती तृप्त झालेली असते, मग तेवढाच पाऊस पडला तरी ओढे लगेच दुथडी भरतात.