पुण्याची मॉडिफाइड गाडी इंदूरला पीयूसीत नापास, आधी कशाला हात लावू?

एमएच१२_ते_एमपी०९
२०१५ ची बीएस-४ पेट्रोल हॅचबॅक. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट, धूर साफ करणारा भाग) काढून सरळ पाइप, मागे फ्री-फ्लो मफलर (धूर कमी अडवणारा सायलेन्सर), कोन एअर फिल्टर, स्टेज-१ रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचा मॅप, म्हणजे सेटिंग, बदललेली). पुण्याची पीयूसी संपली म्हणून इथे तपासली. आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.६२ टक्के, एचसी (न जळलेलं इंधन) २४० पीपीएम. २५०० आरपीएमला सीओ ०.५१, लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण, १ म्हणजे बरोबर) १.०६. इंजिनचा दिवा पेटलेला नाही. एमपी पासिंगही करायचंय. मॅप बदलू की कॅट बसवू?

फडकं_आणि_पाना
आधी गळती शोधा. बीएस-४ पेट्रोलला मर्यादा आयडलवर सीओ ०.३, एचसी २००. २५०० ला सीओ ०.२ आणि लॅम्डा ०.९७ ते १.०३. चारही आकड्यांत गाडी बाहेर आहे, पण खरी गोम लॅम्डात. सीओ चढलाय म्हणजे पेट्रोल जास्त, लॅम्डा १.०६ म्हणजे हवा जास्त. दोन्ही एकदम दिसलं की बाहेरची हवा एक्झॉस्टमध्ये शिरतेय असा पहिला संशय घ्यायचा. सरळ पाइप टाकताना फ्लँजचं (पाइपांच्या जोडाचं) जुनंच गॅस्केट ठेवलेलं असतं, नाहीतर वेल्डिंगला बारीक भोक राहतं. गळती पुढच्या ओटू सेन्सरच्या (धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या) आधी असेल तर सेन्सरला मिश्रण पातळ भासतं, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पेट्रोल वाढवत जातो.

सकाळी थंड इंजिन चालू करा, कुणाला तरी मागच्या नळीवर ओलं जाड फडकं काही सेकंद दाबून धरायला सांगा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी सोडा. फुगे आले की जागा सापडली. गरम पाइपवर हे करू नका, पाणी उडून जातं आणि हात भाजतो तो वेगळाच.

गळती सेन्सरच्या मागे निघाली तर ती बुजवल्यावर सीओ आणखी वाढलेला दिसेल. घाबरू नका, इतके दिवस हवा मिसळून आकडा पातळ होत होता.

लॅम्डाराव
गळती काढलीत तरी कॅटशिवाय ०.२ विसरा. दिवा पेटत नाही कारण रिमॅपमध्ये कॅटच्या मागच्या ओटू सेन्सरचे बिघाड-कोड बंद केलेले असणार. सेन्सरला स्पेसर लावून देणारेही भेटतील. त्याने दिवा फसतो, पीयूसीवाल्याने नळीत घातलेला प्रोब नाही.

मूळ कॅट आहे का? हलवून बघा, खडखडला तर आतलं सिरॅमिक फुटलंय.

एमएच१२_ते_एमपी०९
माळ्यावर आहे, खडखडत नाही.

लॅम्डाराव
मग तोच बसवा आणि स्टॉक मॅप परत टाका. नंतर ओबीडी स्कॅनर (ईसीयूचे आकडे दाखवणारा) लावून गरम इंजिनावर २५०० आरपीएम धरा. पुढचा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये नाचेल, मागचा ०.६-०.७ च्या आसपास शांत हवा. तोही नाचू लागला तर कॅट मेलाय. लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयूने शिकून केलेली पेट्रोलची कमी-जास्त) ±१० टक्क्यांच्या आत असू द्या. बॅटरी आदल्या दिवशी काढू नका, शिकलेलं सगळं पुसलं जातं. तपासणीआधी बायपासवर वीस मिनिटं खालच्या गियरमध्ये चालवा, रांगेत इंजिन बंद करू नका, एसी बंद ठेवा. थंड कॅट म्हणजे नुसताच पाइप.

नायता_मुंडला_पासिंग
कागदांचं: पुणे आरटीओची एनओसी फॉर्म २८ वर, कर्ज असेल तर बँकेचंही नाहरकत. इथे फॉर्म २७ आणि एमपीचा रोड टॅक्स. बारा महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल तर कलम ४७ नुसार नवा नंबर घ्यावाच लागतो. पुण्यात भरलेल्या टॅक्सचा उरलेला परतावा तिकडेच मागायचा. गाडी चेसिस नंबर पडताळायला उभी करावी लागते, तेव्हा फ्री-फ्लोही उतरवूनच न्या. कलम १८२ए(४) खाली दंड दर बदलाला ५,००० आहे. सरकारी 'वाहन' पोर्टलवर जुना मोबाइल नंबर असेल तर आधी तो बदला.

फडकं_आणि_पाना
कॅट बसवताना दोन्ही फ्लँजची गॅस्केटं नवी घ्या. एकदा दाबली गेलेली परत नीट बसत नाहीत. नट एका बाजूने पूर्ण आवळू नका, आलटून पालटून.