आठवणी लिहायला बसलो आणि वेबिल तयार झालं, काय करू?

डबलबेल

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसता वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. मी एसटीत कंडक्टर होतो, जास्त करून धुळे, शिरपूर, शहादा ह्या रूटला, आता रिटायर होऊन चार वर्षं झाली. मूळ गाव पारोळ्याच्या अंगाला, बोरी नदीकडचं. दिवाळीत नातीने एक जाडजूड वही आणून दिली, आजोबा तुमच्या गोष्टी लिहा म्हणे. बसलो लिहायला. रोज सकाळी चहा झाला की दोन पानं, असं करत करत १४० पानं झाली. मागच्या आठवड्यात सौ.ला वाचून दाखवायला लागलो, पाचव्या पानाला तिची मान खाली गेली, मला वाटलं डोळे भरून आले, बघतो तर झोपलेली.

मग मीच परत वाचलं. जन्म १ जून १९६२, चौथीपर्यंत गावात, पाचवीपासून पारोळा, अमुक साली एसटीत लागलो, बदली, बदली, मुलीचं लग्न, परत बदली. सगळं खरं आहे हो, पण आमच्या वेबिलसारखं, म्हणजे कंडक्टरच्या तिकिटांच्या हिशोबाच्या कागदासारखं झालंय. कोणत्या टप्प्याला किती फुल आणि किती हाफ ते बरोबर लिहिलंय, गाडीत कोण बसलं होतं तेच कुठे नाही.

तर विचारायचं असं की सुरुवात जन्मापासूनच करावी लागते का. आणि माझी माय आयुष्यभर फक्त अहिराणी बोलली, तिचं बोलणं मी शुद्ध मराठीत लिहिलं की ती मला दुसऱ्याच कोणाची तरी आई वाटते, आणि अहिराणीत लिहिलं तर पुण्यात वाढलेल्या नातीला कळेल का? अजून एक, हे लिहायला जरा जड जातंय, वडील गेल्यावर थोरल्या भावाने वाटणीत विहिरीकडचा तुकडा स्वतःकडे ठेवला, त्यावरून आम्ही अकरा वर्षं बोलत नव्हतो. आता येणंजाणं आहे, श्रावणात कानबाई देवी बसली की तिच्या प्रसादाचे रोट खायला सगळे भाऊबंद एका पंगतीला असतो. हे वहीत घ्यावं का? नाही घेतलं तर वही खोटी वाटते आणि घेतलं तर पुढच्या श्रावणात रोट कोणाकडे खायचे?

रावेरची_लेक

दादा, वेबिलचं तुम्ही लिहिलंत ते वाचून हसले, आणि ज्या माणसाला हे सुचतं त्याला लिहिता येतं, एवढं आधी सांगते.

जन्मापासून सुरू करायची काही गरज नाही. आख्खं आयुष्य सांगायचं ते आत्मचरित्र, ते मोठ्या माणसांनी लिहावं, लोक त्यांना नावाने ओळखतात म्हणून वाचतात. आपल्याला कोण ओळखतं? आपण आयुष्याचा एक तुकडा घ्यायचा आणि त्यातच राहायचं. मी सासऱ्यांवर लिहायला घेतलं होतं, आमची केळी आहे. पहिल्या खर्ड्यात बाग होती, किती खोडं, टिश्यू कल्चर कधी आणलं, ड्रिप कधी केलं, सगळं होतं आणि सासरेच नव्हते. सहा महिने ती फाइल तशीच पडून. मग एकदा सहज सासूबाई बोलल्या की एका मे महिन्यात वादळाने सगळी बाग आडवी झाली, काढणीला पंधरा दिवस राहिले होते, तेव्हा हे सकाळी बागेत गेले, दुपारी परत आले ते एकच घड खांद्यावर घेऊन, ओट्यावर ठेवला, आंघोळ केली, जेवले आणि झोपले. कोणाशी एक शब्द नाही. तो घड पिकेपर्यंत ओट्यावरच होता, कोणी हात लावला नाही. मी तेवढं एक दीड पानात लिहिलं आणि मग खोडं किती, कर्ज किती, हे सगळं त्याच्या मागून आपोआप आलं, कारण आता वाचणाऱ्याला ते जाणून घ्यायचं होतं.

म्हणून तुम्हाला विचारते, न आठवता डोळ्यापुढे येतं असं तुमच्याकडे काय आहे? झोपेतून उठल्यावर, गाडीत बसल्यावर, असंच. ते आधी लिहा. साल नको, प्रस्तावना नको.

भाषेचं म्हणाल तर मायचं बोलणं अहिराणीतच ठेवा, बाकीचं तुम्ही आज जसं बोलता तसं. आणि कृपा करून प्रत्येक वाक्यापुढे कंसात अर्थ देत बसू नका, नातीला वाक्य नाही कळलं तरी पुढे कोण काय करतं त्यावरून कळेल. माय ‘जेवाले ये’ म्हणाली आणि पोरगा पाट घेऊन बसला, संपलं. आमच्याकडे अहिराणी नाही, लेवा गणबोली, त्यामुळे मला हा प्रश्न घरचाच आहे. बहिणाबाईंना लिहितावाचता येत नव्हतं, गाणी घरच्यांनी उतरवून घेतली आणि त्या गेल्यावर, १९५२ साली, मुलाने म्हणजे सोपानदेवांनी पुस्तक आणलं. उतरवणाऱ्यांनी ती ‘सुधारून’ घेतली असती तर आज कोणी नाव काढलं असतं का सांगा.

सातबारा_उतारा

वरचं सगळं छान आहे पण मी जरा खडूस बोलतो, नोकरीच तशी केली. भावना वगैरे ठीक, पण आधी कागद काढा.

पहिली गोष्ट, १ जून ही तुमची जन्मतारीख नाही. अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनला असतो, कारण शाळेत नाव घालायला आलेल्या बापाला तारीख माहीत नसायची आणि गुरुजी पोराचं वय पुरेल अशा हिशोबाने १ जून टाकून मोकळे व्हायचे. तुमच्या मायने सांगितलं असेल की आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी झाला, नाहीतर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. ते लिहा, दाखल्यावरचं पण लिहा, ह्या दोन तारखांमध्येच तुमचं पहिलं पान आहे.

दुसरं, जुन्या काळाला आजची नावं चिकटवू नका. तुम्ही शहाद्याला ड्युटी केलीय, १ जुलै १९९८ च्या आधीचं लिहीत असाल तर शहादा धुळे जिल्ह्यात होतं, नंदुरबार जिल्हा त्या दिवशी झाला. तसंच जळगावचं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० चं, त्याआधी आपल्याकडची पोरं पुणे विद्यापीठाचं सर्टिफिकेट घेऊन फिरायची. एका गृहस्थांनी आठवणी छापल्या, त्यात १९८० ला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातून बीए, मी पुस्तक तिथेच मिटलं. उरलेलं खरं असेलही, पण विश्वास गेला तो गेला.

तिसरं, वाटणीचं लिहायच्या आधी फेरफार उतारा, म्हणजे जमीन कोणाच्या नावावर कधी गेली त्याची तलाठ्याकडची नोंद, काढून वाचा. माझा अनुभव आहे, ज्या वर्षी भांडण झालं आणि ज्या वर्षी नोंद झाली त्यात लोक तीन तीन वर्षांचा घोळ घालतात आणि दोघंही शपथेवर सांगतात.

आयटीवाला_अहिराण

काका मी तुमच्याच पट्ट्यातला, सध्या हिंजवडी. एक प्रॅक्टिकल टिप देतो, लिहू नका, बोला. मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू करा आणि नातीला समोर बसवून सांगा, ती मध्ये मध्ये ‘मग?’ विचारेल ना तिथे तिथे खरं मटेरियल आहे. नंतर उतरवून काढा. माझ्या आजीचं मी असंच केलं, खापरावरचे मांडे कसे करतात ते सांगता सांगता मध्येच ती तिच्या मेलेल्या बहिणीवर गेली, आम्हाला घरात कोणालाच तिला बहीण होती हे माहीत नव्हतं. वहीत लिहायला सांगितलं असतं तर मांड्याची रेसिपी मिळाली असती फक्त.

मधल्या_आळीतला

मी स्पष्ट सांगतो, राग मानू नका, भावाचं अजिबात लिहू नका. अकरा वर्षांनी जुळलेलं आहे, ते वहीपेक्षा मोठं आहे. आमच्या नात्यात एकाने पंचाहत्तरीला असंच पुस्तक छापून वाटलं, त्यात मोठ्या वहिनीने लग्नात कोणती साडी दिली आणि ती कशी आधी वापरलेली होती इथपर्यंत सगळं, आणि पुस्तक वाटलं कुठे तर तिच्याच नातवाच्या मुंजीत. आता दोन्ही घरं एकमेकांच्या मयतीला पण जात नाहीत. खरं असलं म्हणून सगळं लिहायचं असतं का?

रावेरची_लेक

@मधल्या_आळीतला, साडी लिहिली हा प्रॉब्लेम नाहीच, हिशोब चुकता करायला लिहिली हा आहे, वाचणाऱ्याला ते लगेच कळतं. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त बघा, नवऱ्याच्या तऱ्हेवाईकपणाने त्या किती पोळल्यात, पण त्या सगळ्यात स्वतःवर पण हसतात, त्यामुळे त्या टिळकांची तक्रार करतायत असं वाटतच नाही. दादा, भावाचं लिहा, पण त्या पानावर तुमचीही एखादी चूक येऊ द्या. अकरा वर्षं बोलणं बंद ठेवायला दोघं लागतात ना. आणि छापायच्या आधी भावाला वाचून दाखवा, नातीच्या आधी त्यांना.

डबलबेल

सगळ्यांचे आभार. ताईंनी विचारलं तसं न आठवता काय येतं ते बघत बसलो, दोन दिवस काहीच आलं नाही, तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना आलं. लिहिलं तसंच इथे टाकतो, कसं वाटतं सांगा:

‘बहात्तरच्या दुष्काळात माय रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. दुपारी मी भाकर घेऊन जायचो. रेशनच्या लाल मिलोची भाकर, थापतानाच कडेला चिरायची आणि फडक्यात पोचेपर्यंत तिचे चार तुकडे व्हायचे. मायने डाव्या हाताच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या असायच्या, हिरव्या लुगड्याच्या, कारण खडी त्याच हाताने धरायची आणि हातोडी चुकली की बोटावर. जेवायला बसली तरी चिंध्या सोडायची नाही, परत बांधायला दुसऱ्या बाईला उठवावं लागलं असतं. म्हणून मी तुकडा मोडून तिच्या उजव्या हातात द्यायचो, आणि ती पहिला घास मला दे म्हणायची, आणि मी घ्यायचो. मला भूक होती. तिलाही असेल हे मला तेव्हा सुचलं नाही.’

सातबारा_उतारा

चांगलं आहे. ‘रस्त्याचं काम’ लिहिलंत ते बरं केलं, लोक बहात्तरला सरळ रोजगार हमी कायदा लावून देतात, कायदा १९७७ चा आहे आणि लागू १९७९ ला झाला. बाकी माझं काही म्हणणं नाही.

आयटीवाला_अहिराण

काका 🙏 दोनदा वाचलं.

डबलबेल

एक घोटाळा झालाय. ताईंनी सांगितलं म्हणून रविवारी भावाकडे गेलो, विहिरीचं काही काढलं नाही, आधी हेच वाचून दाखवलं. भाऊ ऐकत होता, शेवटी म्हणाला, ‘भाकर मी लई गयथू, तू नही. तुले ताप व्हता.’ मी म्हटलं असं कसं, मला स्पष्ट दिसतंय, चिंध्या दिसतात, हिरवा रंग दिसतो. तर म्हणे लुगड्याच्या नव्हत्याच त्या, माझ्या शाळेच्या शर्टाच्या होत्या. मी विचारलं, शाळेचा शर्ट मायने फाडला कशाला? तर म्हणे सातवीतून नाव काढलं ना माझं त्या वर्षी, मी पण कामावर जायला लागलो, मग शर्ट काय करायचा होता.

हे मला माहीत नव्हतं असं नाही, भाऊ सातवी शिकलेला आहे हे माहीतच होतं. पण ते बहात्तर साल होतं हे कधी जोडलंच नाही मी. मी पुढच्या वर्षी पारोळ्याला पाचवीत गेलो.

वहिनीने चहा आणला, मग कापसाच्या भावावर बोलत बसलो. निघताना विहिरीपर्यंत सोडायला आला.

आता मला सांगा हे लिहू कसं? घास घेणारा मी नव्हतोच. पण मला तो अजूनही माझाच आठवतो, चव पण आठवते.

रावेरची_लेक

खोडू नका दादा. आधी तुमचं आहे तसंच ठेवा, हिरव्या लुगड्यासकट. मग पान उलटल्यावर भावाचं वाक्य, अहिराणीतच. मग शर्ट. तुमचं स्पष्टीकरण मध्ये घालू नका.

मधल्या_आळीतला

मी माझं म्हणणं मागे घेतो. विहिरीचं पण लिहा, पण ह्याच्या नंतर.

डबलबेल

विहिरीची नऊ पानं होती, काल बसून दीड पान केलं. नातीला सांगितलंय दुसरी वही आण, ह्यावेळी पातळ.